मिक्सरची वायर बोटीला का चालत नाही?

सख्यांनो,

वेंगुर्ल्याजवळच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या ताई स्वतः वल्ही मारून पर्यटकांना कांदळवनाची सफर घडवतात, हे आता आपल्या सगळ्यांना माहीत झालंय. त्यांचं बघून खाडीकाठच्या आपल्याही काही गटांनी बोटीचं मनावर घेतलं आहे. बैठकांमध्ये एक विषय हमखास निघतो. ओहोटीच्या ओढीत वल्ही मारून खांदे भरून येतात, मग बॅटरीवर चालणारी छोटी मोटर बसवली तर?

विचार चांगलाच आहे. मोटरीला आवाज नाही, धूर नाही, पाण्यात डिझेल सांडत नाही. खंड्या आणि बगळे जागेवर बसून राहतात आणि पर्यटक खूश होतात. अशा मोटरीला दुकानात ‘ट्रोलिंग मोटर’ म्हणतात. बोट हळूहळू चालवत मागून गळ ओढत नेण्याला ट्रोलिंग म्हणतात, त्यावरून हे नाव पडलं.

पण कोटेशन आलं की काय होतं बघा. मोटरीच्या किमतीवर अर्धा तास चर्चा होते. बॅटरी कुठली घ्यायची, चार्जर कुठला, यावर चर्चा होते. शेवटच्या ओळीत लिहिलेलं असतं, ‘वायर व फिटिंग’. त्या ओळीवर कोणी काही विचारत नाही. हा लेख त्या शेवटच्या ओळीबद्दल आहे. कारण मोटर कितीही चांगली असली तरी वायर बारीक निघाली तर बोट रखडते, बॅटरी लवकर उतरते आणि वायर तापून आग लागायची भीती राहते.

यासाठी विजेचं शिक्षण लागत नाही. गटाचं व्याज काढता येतं ना? मग हे गणित त्याहून सोपं आहे.

वॅट तेवढेच, मग वायर वेगळी का?

बैठकीत एका ताईंनी अगदी नेमकं विचारलं होतं, "आमचा मिक्सर साडेसातशे वॅटचा. त्याची वायर करंगळीहून बारीक. बोटीची मोटर सहाशे वॅटची. मग तिला अंगठ्याएवढी वायर कशाला?"

उत्तर व्होल्टमध्ये आहे. घरात वीज येते २३० व्होल्टची. बोटीवरची बॅटरी असते १२ व्होल्टची. वायरीतून किती प्रवाह वाहतो ते अँपिअरमध्ये मोजतात, आणि तो काढायचा तर वॅटला व्होल्टने भागायचं.

मिक्सर: ७५० भागिले २३० म्हणजे साधारण सव्वातीन अँपिअर.
बोटीची मोटर: ६०० भागिले १२ म्हणजे ५० अँपिअर.

बघा, मोटर मिक्सरपेक्षा कमी वॅटची, तरी तिच्या वायरीतून पंधरापट प्रवाह जातो.

पाण्याच्या टाकीचं उदाहरण घ्या. टाकी उंच माडीवर असेल तर बारीक नळीतूनही पाणी जोरात येतं. टाकी हातभर उंचीवर ठेवली आणि तेवढंच पाणी तेवढ्याच वेळात हवं असेल तर नळी जाड लागते. व्होल्ट म्हणजे टाकीची उंची. १२ व्होल्टची टाकी फार खाली आहे, म्हणून तिची नळी जाड हवी.

बारीक वायर काय खाते?

प्रत्येक वायर प्रवाहाला थोडा अडथळा करते. वायर जितकी लांब तितका अडथळा जास्त, आणि जितकी जाड तितका कमी. या अडथळ्यामुळे बॅटरीतून निघालेले सगळे व्होल्ट मोटरीपर्यंत पोचत नाहीत. वाटेत काही गळतात. गळलेले व्होल्ट कुठे जातात? वायर तापवण्यात.

एक उदाहरण करून बघू. बोटीचा तोल राखायला बॅटरी पुढे नाळेकडे ठेवली आहे आणि मोटर मागे आहे. मधलं अंतर ४ मीटर. पण प्रवाह लाल वायरीने जातो आणि काळ्या वायरीने परत येतो. म्हणून लांबी धरायची ८ मीटर. इथे बरेच जण फसतात. ‘जाऊन-येऊन’ धरायचं, एसटीच्या तिकिटासारखं.

तांब्याची १ चौरस मिलिमीटर जाडीची, १ मीटर लांबीची तार साधारण ०.०१८ ओहम अडथळा करते. त्यावरून ५० अँपिअर आणि ८ मीटरला वाटेत किती व्होल्ट गळतात ते असं:

२.५ स्क्वेअर एमएम: २.९ व्होल्ट
४ स्क्वेअर एमएम: १.८ व्होल्ट
६ स्क्वेअर एमएम: १.२ व्होल्ट
१० स्क्वेअर एमएम: ०.७ व्होल्ट
१६ स्क्वेअर एमएम: ०.४५ व्होल्ट
२५ स्क्वेअर एमएम: ०.३ व्होल्ट

घरात प्लगला साधारण २.५ ची वायर असते. ती बोटीला लावली तर १२ पैकी जवळजवळ ३ व्होल्ट वाटेतच संपतील. ६ ची लावली तरी दहातला एक घास वायरच खाते. बॅटरी चार्ज करायचं वीजबिल गट भरतो आणि त्यातला दहावा हिस्सा वायर तापवण्यात जातो. मोटरीला कमी व्होल्ट मिळाले की ती हळू फिरते. हळू फिरली की फेरीला वेळ जास्त लागतो, आणि तेवढा वेळ बॅटरी उतरतच असते.

आता उष्णतेचं बघू. ४ च्या वायरीत १.८ व्होल्ट गळतात. १.८ गुणिले ५० म्हणजे ९० वॅट. जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब पेटलेला असताना हात लावून बघितलाय का कधी? तसा दीड बल्ब त्या वायरीच्या आवरणात सतत पेटलेला आहे असं समजा. वायर मोकळ्यावर असेल तर थोडी निवते. फळीखाली किंवा पाइपात कोंडली असेल तर आवरण मऊ होतं, मग वितळतं, आणि लाल-काळी वायर एकमेकींना चिकटली की शॉर्ट.

आणखी एक गोष्ट. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. म्हणून हळू चालवताना जी वायर गार वाटते तीच पूर्ण वेगात चटका देते. दुकानदार दुकानात दोन मिनिटं मोटर फिरवून दाखवतात, त्यावर जाऊ नका.

आपलं सोपं सूत्र

बोटीच्या मोटरीला वाटेत ३ टक्क्यांहून जास्त व्होल्ट गळू नयेत, असं धरून चालायचं. १२ व्होल्टचे ३ टक्के म्हणजे ०.३६ व्होल्ट. वरचं सगळं गणित आवरून एका ओळीत आणलं तर असं होतं:

अँपिअर × जाऊन-येऊन मीटर ÷ २० = वायरीची जाडी (स्क्वेअर एमएम)

हे १२ व्होल्टसाठी. बॅटरी २४ व्होल्टची असेल तर २० ऐवजी ४० ने भागायचं. ४८ व्होल्टची असेल तर ८० ने.

आपल्या उदाहरणात ५० गुणिले ८ म्हणजे ४००. भागिले २० म्हणजे २०. बाजारात वायर मिळते १.५, २.५, ४, ६, १०, १६, २५, ३५ अशा मापांत. २० ची मिळत नाही, म्हणून वरचं माप घ्यायचं, २५. खालचं कधीच नाही. ब्लाउजचं माप घट्ट झालं तर उसवता येतं, वायरीचं तसं नाही.

यानंतर दुसरी तपासणी. अंतर अगदी कमी असलं की सूत्राचं उत्तर लहान येतं. उदाहरणार्थ, बॅटरी मोटरीच्या शेजारीच, जाऊन-येऊन २ मीटर. ५० गुणिले २ भागिले २० म्हणजे ५. मग ६ ची वायर चालेल का? व्होल्टच्या दृष्टीने चालेल, पण ५० अँपिअर सोसायची तिची ताकद नाही, ती तापेल. प्रत्येक कंपनी आपल्या वायरीसोबत ‘किती अँपिअर सोसते’ याचा तक्ता देते. तो दुकानदाराकडे मागायचा. सूत्राचं उत्तर आणि तक्त्याचं उत्तर, दोन्हीत जे जाड येईल ते घ्यायचं.

दोन्ही तपासण्या धरून १२ व्होल्टसाठी हा तक्ता बैठकीच्या वहीत लिहून ठेवा. लांबी जाऊन-येऊन आहे.

३० अँपिअरची मोटर
२ ते ६ मीटर: १० स्क्वेअर एमएम
८ ते १० मीटर: १६ स्क्वेअर एमएम

५० अँपिअरची मोटर
२ ते ६ मीटर: १६ स्क्वेअर एमएम
८ ते १० मीटर: २५ स्क्वेअर एमएम

मोटरीचे अँपिअर कुठे मिळतील? मोटरीच्या पट्टीवर किंवा पुस्तिकेत. पुष्कळ मोटरींवर मोठ्या अक्षरात ‘पाउंड’ लिहिलेलं असतं. तो पाणी ढकलायचा जोर आहे, वजन नाही आणि अँपिअरही नाही. अंदाज म्हणून सांगते, १२ व्होल्टची ५५ पाउंडची मोटर पूर्ण वेगात ५० अँपिअरच्या आसपास घेते आणि ३० पाउंडची ३० च्या आसपास. पण गणितात पुस्तिकेतला ‘जास्तीत जास्त’ आकडाच घ्यायचा.

मोजायचं कसं?

टेपने सरळ रेषेत मोजू नका. वायर सरळ जात नाही, ती काठाने, फळीखालून, कोपऱ्यातून वळत जाते. एक सुतळी घ्या. बॅटरी जिथे ठेवणार तिथून, वायर ज्या वाटेने नेणार त्या वाटेने, मोटरीच्या जोडापर्यंत सोडा. दोन्ही टोकांना वीतभर जास्त ठेवा. मग ती सुतळी मोजा आणि दुप्पट करा.

मोजताना एक प्रश्न स्वतःला विचारा, बॅटरी मोटरीच्या जवळ आणता येईल का? अंतर निम्मं झालं की वायरीची जाडीही जवळपास निम्मी लागते. पण बॅटरी जड असते. मागे मोटर, बॅटरी आणि चालवणारी ताई असं सगळं वजन एका टोकाला आलं तर बोटीची नाळ वर उचलते. तोल बिघडत असेल तर बॅटरी मध्ये किंवा पुढेच ठेवा आणि जाड वायरीचा खर्च करा. त्यात काटकसर नको.

दुसरा मार्ग २४ व्होल्टचा. तेवढ्याच ६०० वॅटला २४ व्होल्टवर २५ अँपिअर पुरतात. २५ गुणिले ८ भागिले ४० म्हणजे ५, म्हणजे ६ ची वायर. २५ ऐवजी ६! व्होल्ट दुप्पट केले की तांबं चौथाईवर येतं. पण त्यासाठी मोटर मुळात २४ व्होल्टची हवी. १२ च्या मोटरीला २४ लावले तर मोटर जळेल. म्हणून मोटर घ्यायच्या आधीच दोन्ही कोटेशनं मागवा आणि मोटर, बॅटरी, वायर यांची एकत्र बेरीज करून तुलना करा.

दुकानातली भाषा

वायरीच्या मापाला दुकानात तीन-चार नावं आहेत. त्यात घोटाळा झाला की पैसे गेलेच.

‘चार एमएम’ आणि ‘चार स्क्वेअर एमएम’ एक नाहीत. पहिल्यात तारेची रुंदी मोजली, दुसऱ्यात कापलेल्या तोंडाचं क्षेत्रफळ. बोलताना ‘स्क्वेअर’ गळतो, म्हणून बिलावर ते अक्षर न् अक्षर लिहून घ्या.

परदेशी मोटरीच्या पुस्तिकेत वायरीचा अमेरिकन ‘गेज नंबर’ लिहिलेला असतो. यात नंबर जितका लहान तितकी वायर जाड. ८ नंबर म्हणजे साधारण ८.४ स्क्वेअर एमएम, तर १० ची घ्यायची. ६ नंबर म्हणजे १३.३, तर १६ ची. ४ नंबर म्हणजे २१, तर २५ ची.

जुने वायरमन ‘सात-वीस’, ‘तीन-बावीस’ म्हणतात. सात-वीस म्हणजे २० नंबरच्या सात तारा, साधारण साडेचार स्क्वेअर एमएम. घरच्या फिटिंगला ते ठीक, आपल्या बोटीला नाही.

बाहेरून जाड दिसणारी वायर आतून जाड असेलच असं नाही. कधी कधी आवरणच जाड असतं आणि आत तांबं थोडं. टोक सोलून दाखवायला सांगा. आतली तार कापलेल्या जागी रुपेरी दिसली तर ती ॲल्युमिनियम किंवा वरून तांब्याचा मुलामा दिलेली असू शकते. गाड्यांना जम्प स्टार्ट द्यायच्या स्वस्त केबली पुष्कळदा अशाच असतात. ॲल्युमिनियम तांब्यापेक्षा प्रवाहाला जास्त अडवतं आणि खाऱ्या हवेत लवकर खराब होतं. बोटीला नको.

तार एकच जाड नको, बारीक तारांची पिळलेली हवी. बोट सतत हलते, एकसंध तार वाकून वाकून तुटते.

कल्हईची वायर

आता खाऱ्या पाण्याचं. तांब्याच्या भांड्याला चिंच-मीठ लागलं की हिरवं चढतं, म्हणून आपण कल्हई करून घेतो. बोटीच्या वायरीचंही तेच. खारी हवा आवरणाच्या आत शिरते आणि तांबं काळं-हिरवं पडतं. काळं पडलेलं तांबं जोडात नीट टेकत नाही, तिथे अडथळा वाढतो आणि जोड तापतो. वायर २५ ची असली तरी जोड खराब झाला की सगळं गणित फुकट.

म्हणून बोटीसाठी कल्हई केलेल्या तांब्याची वायर चांगली. दुकानात ‘टिन्ड कॉपर’ मागायची. सोलली की तीही रुपेरी दिसते, मग ॲल्युमिनियमपासून ओळखायची कशी? एक तार ब्लेडने खरवडा. आत तांबूस निघाली तर कल्हई. पण नुसता तांब्याचा मुलामा दिलेली तारही वरून तांबूसच दिसते, म्हणून खरवडताना आतपर्यंत खरवडा, आणि बिलावर ‘टिन्ड कॉपर’ लिहून घ्या.

अशी वायर जवळपास मिळत नसेल तर वेल्डिंगची तांब्याची केबल १६, २५, ३५ मध्ये मिळते आणि तिच्या तारा बारीक असतात. तिच्यावर कल्हई बहुधा नसते, म्हणून टोकं जास्त जपावी लागतात आणि दर पावसाळ्यानंतर तपासावी लागतात.

टोकाला वायर नुसती पिळून नटाखाली दाबू नका. तांब्याचं, कल्हई केलेलं लग बसवायचं, तेही दाबायच्या यंत्राने. हातोडीने ठोकून नाही. त्यावर आतून गोंद असलेली, गरम केल्यावर आवळणारी नळी चढवायची. बॅटरीच्या जोडावर पेट्रोलियम जेली लावायची. बोटीच्या तळात जिथे पाणी साचतं तिथे वाटेत कुठेही जोड नको.

मोटरीला कारखान्यातून आलेली स्वतःची वायर असते. ती कापू नका, वॉरंटी जाते. आपली जाड वायर तिच्या टोकापर्यंत आणायची आणि तिथे जोडायची.

फ्यूज: वायरीचा राखणदार

जाड वायर घेतली म्हणजे फ्यूज नको, असं नाही. मोटरीत दोरी किंवा पाणगवत अडकलं तर मोटर अडते आणि प्रवाह एकदम वाढतो. लाल-काळी वायर कुठे घासून एकमेकींना लागली तर बॅटरी शेकडो अँपिअर ओतते. तेव्हा फ्यूज आधी तुटला पाहिजे, वायर पेटायच्या आत.

क्रम लक्षात ठेवा: मोटरीच्या अँपिअरपेक्षा फ्यूज मोठा, फ्यूजपेक्षा वायरीची ताकद मोठी. ५० अँपिअरच्या मोटरीला ६० चा फ्यूज, आणि वायर ६० हून जास्त सोसणारी.

फ्यूज लाल वायरीवर, बॅटरीपासून एका वितीच्या आत बसवायचा. मोटरीजवळ बसवला तर मधली सगळी वायर राखणीशिवाय राहते.

आणि घरातला एमसीबी काढून बोटीला लावू नका. घरची वीज एसी असते, बॅटरीची डीसी. डीसीचा प्रवाह तोडताना ठिणगी सहज विझत नाही. डीसीसाठी बनवलेला आणि तसं लिहिलेलाच फ्यूज किंवा ब्रेकर घ्या.

काम झाल्यावर तपासायचं कसं?

एका गटाची हकीकत सांगते. गटाने नाव नको म्हटलंय, पण इतरांना उपयोग होईल म्हणून लिहायला सांगितलंय. त्यांच्या बोटीला ४ स्क्वेअर एमएमची वायर लावून दिली होती. भरतीला बोट बरी चालायची, ओहोटीला जागची हलायची नाही. सगळ्यांचं मत पडलं की बॅटरी खराब आहे. नवी बॅटरी घ्यायचा ठराव लिहायची वेळ आली होती. तेव्हा मल्टिमीटर आणून मोजलं. मोटर पूर्ण वेगात असताना बॅटरीच्या खांबांवर १२.१ व्होल्ट आणि मोटरीच्या जोडावर १०.५. बॅटरी ठीक होती, दीड व्होल्टहून जास्त वाटेत गळत होता. वायर २५ ची घातल्यावर तोच फरक ०.३ वर आला. नव्या बॅटरीचे पैसे वाचले.

तुम्हीही असंच मोजा. मोटर पाण्यात, पूर्ण वेगात चालू, बोट दोरीने जेटीला बांधलेली. आधी बॅटरीवर व्होल्ट बघा, लगेच मोटरीच्या जोडावर. फरक ०.३६ पेक्षा कमी हवा. मोटर बंद असताना मोजून उपयोग नाही, प्रवाहच नसेल तर काही गळत नाही. दहा मिनिटं चालवून मग बंद करा आणि वायरीच्या आवरणावरून हात फिरवा. कोमट लागली तर ठीक. हात ठेववत नसेल तर वायर किंवा जोड चुकलाय. एकाच जागी गरम लागलं तर तो जोड उघडून बघा.

हातात बांगड्या, गळ्यात मंगळसूत्र

१२ व्होल्टचा झटका बसत नाही, म्हणून आपण बेफिकीर होतो. पण बॅटरीच्या दोन खांबांमध्ये धातू आला तर क्षणात लाल होतो. बॅटरीवर वाकून काम करताना बांगड्या उतरवा, मंगळसूत्र पदरात खोचा किंवा काढून ठेवा. पान्याला चिकटपट्टी गुंडाळा. सोडवताना काळी वायर आधी, जोडताना काळी शेवटी. लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना पेट घेणारा वायू सोडते, म्हणून ती बंद खोक्यात किंवा चुलीच्या खोलीत चार्ज करू नका.

मोटर आली तरी वल्ही बोटीत राहणारच. लाइफ जॅकेट प्रत्येकीच्या आणि प्रत्येक पाहुण्याच्या अंगावर. पर्यटकांना बसवण्याआधी बोटीची नोंदणी आणि परवाना याबद्दल महाराष्ट्र सागरी मंडळाच्या बंदर कार्यालयात विचारून घ्यायचं, त्याला पर्याय नाही.

ज्यांच्याकडे बोट नाही त्यांच्यासाठी

हेच गणित पिठाच्या गिरणीला, मसाल्याच्या कांडपाला आणि विहिरीवरच्या पंपालाही लागू पडतं. तिथे सिंगल फेज २३० व्होल्ट असतात, म्हणून २० ऐवजी ३८० ने भागायचं. समजा मीटरपासून शेड १०० मीटरवर आहे आणि मोटर १० अँपिअर घेते. जाऊन-येऊन २०० मीटर. १० गुणिले २०० भागिले ३८० म्हणजे सव्वापाच, म्हणजे ६ स्क्वेअर एमएम. तिथे २.५ ची टाकली तर १४ व्होल्ट वाटेत जातात. गावात आधीच व्होल्टेज कमी, त्यात हे. शिवाय मोटर सुरू होताना काही क्षण कितीतरी पट प्रवाह ओढते. मग ती नुसती घुंघुं करते, फिरत नाही, आणि शेवटी वाइंडिंग जळतं. मोटर जळाली की कंपनीला दोष, पण आधी वायर मोजून बघा.

कोटेशनवर हे लिहून घ्या

खरेदी समितीच्या ताईंनी पुढच्या वेळी ‘वायर व फिटिंग’ एवढ्या दोन शब्दांवर सही करू नये. एवढं विचारा आणि कागदावर मागा:

१. मोटर किती व्होल्टची, जास्तीत जास्त किती अँपिअर घेते?
२. वायर किती स्क्वेअर एमएम? किती मीटर? लाल आणि काळी वेगवेगळी मोजली का?
३. तांबं की ॲल्युमिनियम? कल्हई केलेलं आहे का?
४. कंपनीचा अँपिअरचा तक्ता सोबत जोडला आहे का?
५. फ्यूज किती अँपिअरचा, डीसीचा आहे का, कुठे बसणार?
६. लग दाबायचं यंत्र वायरमनकडे आहे का?
७. काम झाल्यावर पूर्ण वेगात व्होल्टचा फरक मोजून दाखवणार का?

सातव्या प्रश्नावर शेवटचा हप्ता अडवून ठेवा. आकडा ०.३६ च्या खाली दिसला की मग पैसे. वायरमन दादा कधी कधी म्हणतील, "ताई, एवढं कोणी विचारत नाही." हसून सांगायचं, "दादा, बोटीत आमच्या भरवशावर पाहुणे बसणार आहेत. ओहोटीत मधेच मोटर थांबली तर उत्तर आम्हाला द्यायचं आहे."

पुढच्या मासिक बैठकीला बोटीच्या गटांनी सुतळीचं माप आणि मोटरीच्या पट्टीवरचे अँपिअर लिहून आणावेत. गणित सगळ्यांनी मिळून फळ्यावर करू, आणि तो आकडा ठरावात लिहू.

तुमची,
क्षेत्र समन्वयक